शिवलेले खिसे

१

मावार्दीनं उभ्या जन्मात बर्फ पाहिलं नव्हतं, आणि तरी अख्ख्या बांडुंग शहरात बर्फाबद्दल त्याच्याइतकं कुणी बोलत नसेल. "बर्फात आधी ओठ फुटतात, मग गाल. आणि मोजे दोन घालायचे, पण एकावर एक घट्ट नाही," असं तो गिऱ्हाइकाला इतक्या खात्रीनं सांगे की ऐकणाऱ्याला वाटावं, हा गृहस्थ कालच उत्तर ध्रुवावरून उतरलाय. जुन्या कपड्यांच्या बाजाराच्या टोकाला त्याचं थंडीच्या कोटांचं दुकान होतं. युरोपला निघालेली माणसं दहा-पंधरा दिवसांसाठी कोट भाड्यानं नेत. शाळा त्यानं सहावीत सोडली होती. बर्फाचं सगळं ज्ञान आलं ते परतलेल्या गिऱ्हाइकांकडून. जाताना सल्ला द्यायचा तो फुकट, येताना बातमी घ्यायची तीही फुकट. बत्तीस वर्षं हा व्यवहार विनातक्रार चालला होता.

कोट परत आला की पहिलं काम खिसे उलटे करायचं. खिशात काय सापडत नसे! एका सासूबाईंची कवळी सापडली होती. त्या बाई पॅरिसमध्ये आठ दिवस नुसत्या पेजेवर राहिल्या होत्या आणि वर सुनेवर आळ घेऊन आल्या होत्या. एकदा लग्नाची अंगठी निघाली, ती परत करायला गेला तर मालकानं हातच जोडले, "काका, बायकोसमोर नको."

खिसे रिकामे झाले, कोट धुऊन वाळला, की मावार्दी प्रत्येक खिशाचं तोंड पांढऱ्या कच्च्या दोऱ्यानं शिवून टाकी. तो टाका गिऱ्हाइकानं आपल्या हातानं तोडायचा. धुतल्यावर यात दुसऱ्या कुणाचा हात गेलेला नाही, ही खातरी देण्याची त्याची रीत होती. तो डावखुरा असल्यामुळे त्याची गाठ उलटी पडे. शंभर शिवणींत आपली शिवण तो डोळे मिटून ओळखे.

या वर्षी मात्र तीन कोट घरच्यांसाठी बाजूला काढले होते. मुलगी रहमी तीन वर्षांपूर्वी नर्सचं शिक्षण घ्यायला जर्मनीतल्या एका डोंगराळ गावी गेली, ती एकदाही घरी येऊ शकली नव्हती. फेब्रुवारीच्या सव्वीस तारखेला तिला प्रमाणपत्र मिळायचं होतं. त्या वेळी तिथली थंडी ओसरत आलेली असते, पण डोंगरावर बर्फ असतंच, असं मावार्दी सगळ्यांना सांगत होता; अर्थात ऐकीव. जायचे तिघं: तो, बायको यूलिनार, आणि बायकोची थोरली बहीण रोस, जिला सगळा बाजार 'उनी रोस' म्हणजे रोसताई म्हणे. उनी रोस विधवा होती, घर तिच्या आईकडून तिच्याकडे आलेलं होतं, आणि त्यांच्या मिनांग जमातीत घर लेकींचं, जावई हा मरेपर्यंत पाहुणाच.

"सुतान," उनी रोस म्हणाली. लग्नात मिळालेल्या मानाच्या नावानंच ती त्याला हाक मारी, आणि मान सोडून बाकी सगळं त्या हाकेत असे. "मी चार किलो रेंदांग नेणार आहे. तुमच्या कोटाच्या खिशात मावेल का?"

"उनी, मांस नेऊ देत नाहीत तिकडे. विमानतळावर कुत्रे असतात हुंगायला."

"हुंगू दे की. माझ्या हातचं हुंगलं तर कुत्रासुद्धा कागद न बघता शिक्का मारील."

"आणि तो अधिकारी?"

"त्याला एक वाटी द्यायची. माणूसच ना तो!"

यूलिनार हसून हसून खाली बसली. गेल्या तीन वर्षांत ती अशी हसली नव्हती.

त्यानंतर दोनच दिवसांनी, एकोणीस जानेवारीच्या दुपारी, बाहेर पावसाची झड लागलेली असताना मावार्दी कोटांच्या खोलीत डांबराच्या गोळ्या बदलत होता. दमट हवेत लोकरीला बुरशी धरते, म्हणून दुकानाच्या मागच्या अंगाला काचेची भिंत घालून त्यानं ही थंडगार खोली केली होती. दार लावलं की बाहेरचा आवाज आत येत नसे. यंत्राची घरघर तेवढी. स्वतःच्या राखाडी कोटावरून हात फिरवताना त्याला उजव्या खिशात काहीतरी टणक लागलं.

खिसा शिवलेला होता. पांढरा दोरा, उलटी गाठ.

त्यानं कात्रीनं टाका उसवला आणि दोन बोटं आत घातली. जाड तपकिरी पुठ्ठ्याचं, जुन्या धर्तीचं एक रेल्वेचं तिकीट निघालं. त्यावर वाफेच्या इंजिनाचं चित्र, शेजारी शेजारी पाडलेली दोन गोल भोकं, कडा ओलसर. तारीख होती सत्तावीस फेब्रुवारी. साल हेच.

२

मावार्दी घाबरट नव्हता. बाजारात बत्तीस वर्षं काढलेला माणूस कशालाही आधी 'यात कुणाचा फायदा?' असं विचारतो. छापताना साल चुकलं असेल. किंवा कुणीतरी थट्टा केली असेल. पण कुणी? खोलीची किल्ली त्याच्या गळ्यात असे. मग आपणच तिकीट न पाहता खिसा शिवला असेल. वय झालं, डोळे थकले. या शेवटच्या उत्तरावर त्याला जरा बरं वाटलं. स्वतःच्या मूर्खपणावर ढकललं की बऱ्याच गोष्टींचा निकाल लागतो.

ओलेपणाचं काय, हा प्रश्न त्यानं स्वतःला विचारला नाही.

शुक्रवारी नमाज आटोपून आल्यावर रहमीचा फोन आला, चेहरा दिसणारा. तिकडे सकाळ होती. तिच्यामागच्या खिडकीत करड्या आभाळाखाली उघडं झाड दिसत होतं.

"आपा, सत्तावीस तारीख मोकळी ठेवा हं," ती बापाला म्हणाली. "खरं तर सांगणार नव्हते. पण मावशी रोज विचारतात, बर्फ दिसेल ना, बर्फ दिसेल ना. गावात आता वितळायला लागलंय. म्हणून तुम्हाला डोंगरावर नेणार आहे. वाफेची छोटी गाडी जाते वरपर्यंत."

मावार्दीच्या हातातला चहाचा पेला कलंडला. टेबलावरून चहा ओघळून त्याच्या मांडीवर पडला, तरी त्याला भाजलं नाही.

"आपा? आवाज येतोय ना?"

"येतोय. तिकिटं काढलीस?"

"अजून कुठली! ती त्याच दिवशी खिडकीवर मिळतात. पुठ्ठ्याची असतात, आजोबांच्या काळातल्यासारखी. तुम्ही ठेवून द्याल जपून, मला माहीत आहे."

"आणि ती भोकं?"

रहमी थबकली. "भोकांचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"गिऱ्हाइकानं," मावार्दी म्हणाला. आयुष्यात हजार खोटं बोलला होता, पण मुलीशी बोलताना पहिल्यांदाच इतकं सफाईनं.

"हं. तपासनीस पाडतो. वर जाताना एक, खाली येताना एक."

३

भ्यालेला माणूस आधी दुसऱ्याचं दार ठोठावून बघतो. मावार्दीनं आधी उनी रोसचा कोट काढला, निळा, मोठ्या गुंड्यांचा. खिशाची शिवण शाबूत. उसवली. आत तिकीट. तीच तारीख, दोन भोकं, आणि पुठ्ठ्याच्या खाचेत अडकलेला आल्याच्या वडीचा चिकट चुरा. आल्याची वडी उनी रोसच्या तोंडात दिवसभर असे. हा कोट तिनं अजून अंगावर चढवलाही नव्हता.

मग तो बायकोच्या कोटाकडे वळला. डाळिंबी रंगाचा, कॉलरला मऊ काळी लोकर. असा कोट दुकानात दुसरा नव्हता. बड्या बड्या बायकांनी मागितला तरी त्यानं तो या वर्षी कुणाला दिला नव्हता. 'भाड्यानं गेलाय' म्हणून सांगत आला होता.

टाका तोडला तसा खिशातून गार हवेचा झोत त्याच्या मनगटावर आला, तळघराचं दार किलकिलं केल्यावर येतो तसा. खोली गार होतीच, पण हा गारवा तिचा नव्हता. त्याला वास होता, कोळशाच्या धुराचा.

तिकीट इतकं थंड होतं की बोटाला चिकटलं. तारीख तीच.

भोक एकच.

मावार्दी बराच वेळ ते तिकीट उजेडाकडे धरून उभा राहिला. दुसरं भोक कुठे बुजलंय का, पुठ्ठा कुठे दुमडलाय का, हे त्यानं नखानं खरवडून पाहिलं. तपासनीस विसरला असेल. गर्दी असेल. यूलिनारनं खाली येताना तिकीट दाखवलंच नसेल, पर्समध्ये हरवलं म्हणाली असेल. ती काय नाही हरवत? एकेक कारण त्यानं नाणं वाजवून बघावं तसं वाजवून पाहिलं. सगळी बद्द वाजली.

तिन्ही तिकिटं त्यानं गल्ल्याच्या खणात टाकली, खणाला कुलूप लावलं आणि तिन्ही खिसे रिकामे असल्याची खात्री करून पुन्हा शिवले. टाके वेडेवाकडे पडले.

४

पुढे मावार्दीनं जे केलं ते एरवी त्यानं कधी कुणाला सांगितलं नसतं. व्यापाऱ्याच्या हाती खोटा माल आला की तो आधी रडत बसत नाही. हा कुणाच्या गळ्यात मारता येईल, ते बघतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी बहिणी कोट घालून बघायला आल्या. उनी रोसनं येताना केळ्याची भजी आणली होती, ती काउंटरवर पसरली.

"यूल, तू हा निळा घाल," मावार्दी म्हणाला.

"निळा?" यूलिनारनं त्याच्याकडे पाहिलं. "डाळिंबी माझ्यासाठी ठेवला होतात ना? महिनाभर गावाला सांगत होतात."

"उजेडात पाहिलं तर तुझ्या अंगावर तो भडक वाटतो. उनींना शोभेल. त्यांचा रंग उजळ आहे."

उनी रोसनं तोंडातलं भजं तसंच ठेवलं. "काय म्हणालात, सुतान? पुन्हा म्हणा, माझा कान दुखतो या बाजूचा."

"तुम्हाला शोभेल म्हणालो."

"यूल, छत्री घे गं! एकतीस वर्षांत या जावयानं मला पहिल्यांदा चांगली वस्तू दिली. आज आभाळ फाटणार." तिनं तो कोट चढवला, आरशासमोर गिरकी घेतली, आणि मग एकाएकी गंभीर होऊन मावार्दीच्या दंडावर हात ठेवला. "मस्करी राहू द्या. हे गेल्यापासून कुणी माझ्यासाठी रंगीत काही काढलं नव्हतं. देव तुमचं भलं करो."

मावार्दी गोळ्यांचा डबा शोधायच्या निमित्तानं खाली वाकला आणि वाकूनच राहिला.

"भडक वाटतो," यूल निळ्या कोटाची गुंडी लावत पुटपुटली. "भडक म्हणे. पन्नाशी उलटली की नवऱ्याचे डोळे जातात." पण तिच्या आवाजात राग नव्हता. बहिणीकडे बघून ती हसत होती.

तीन दिवस तो खोलीत गेला नाही. गिऱ्हाइकांना बाहेर टांगलेलेच कोट दाखवले. चौथ्या दिवशी, दुपारी बाजार सुस्तावलेला असताना, त्यानं दार उघडलं. चाचपायचीही गरज पडली नाही. तिन्ही कोटांचे खिसे फुगलेले दुरूनच दिसत होते, आणि शिवणी त्याच्याच होत्या, त्या दिवशीच्या वेड्यावाकड्या.

डाळिंबी कोटात दोन भोकं असलेलं तिकीट. वर आल्याच्या वडीचा चुरा.

निळ्या कोटात एक भोक.

तो धावत गल्ल्याकडे गेला, कुलूप उघडलं. खणात तिकिटं नव्हती. तळाच्या कागदावर तीन ओले चौकोन होते आणि त्यांतला एक अजून इतका गार होता की हात लावताच मावार्दीनं बोट तोंडात घातलं.

कोटाचा काही संबंध नव्हता तर. माणूस ठरलेला होता. आणि आपण त्या माणसाच्या जागी कुणाला उभं करू पाहिलं, तेही आता त्याला स्वतःपासून लपवता येईना. दंडावर ठेवलेला उनी रोसचा हात त्याला कितीतरी वेळ जाणवत राहिला.

५

विमानाची जागा पक्की करायची शेवटची मुदत त्या गुरुवारी चार वाजेपर्यंत होती. व्हिसा आले होते. जकार्त्याला जाऊन तिघांनी बोटांचे ठसे दिले होते, "ऐन थंडीत कशाला जाता?" असं अधिकाऱ्यानं विचारल्यावर मावार्दी म्हणाला होता, "विकतो तो माल खरा आहे का, ते बघायला." तो सगळा मजेचा काळ आता त्याला दुसऱ्याच कुणाचा वाटत होता.

दोन वाजता त्यानं यूलिनारला दुकानात बोलावून घेतलं. दाराला 'बंद'ची पाटी लावली.

"आपण जायचं नाही," तो म्हणाला.

यूलनं डोक्यावरचा रुमाल नीट केला. "का?"

"माझी छाती दुखते."

"काल तुम्ही दोन गाठोडी उचलून माडीवर नेलीत. छाती नाही दुखत. खरं बोला."

"धंद्याचे दिवस आहेत."

"दा." मिनांग बायका नवऱ्याला थोरल्या भावासारखं 'दा' म्हणतात, पण यूलिनारनं ते असं म्हटलं की मावार्दीला आपण सहा वर्षांचे झाल्यासारखं वाटलं. "तीन वर्षं मी काचेच्या तुकड्यात माझी पोर बघतेय. गेल्या वर्षी तिला ताप होता, तेव्हा मी त्या फोनवरून हात फिरवत बसले होते. तुम्ही पाहिलंत आणि पाहिलं नाही असं दाखवलंत. आता पाय मागे घेत असाल तर कारणसुद्धा तेवढं मोठं हवं."

मग मावार्दीनं सगळं सांगितलं. कोटांची अदलाबदल का केली तेही सांगितलं. ती उनी रोसची बहीण होती, आणि तरी सांगितलं.

शेवटी त्यानं एक भोक असलेलं तिकीट काउंटरवर ठेवलं. तिनं ते उचललं, तारीख वाचली, भोकातून एका डोळ्यानं रस्त्याकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. पण आवाज स्थिर होता.

"उनीला यातलं कधीही सांगायचं नाही," ती म्हणाली. "कोटाचं तर नाहीच."

"नाही सांगणार."

"वर गेले, एवढंच दिसतंय यात. खाली आले नाही, असं कुठे लिहिलंय? रहमीबरोबर वरच राहिले असेन एखादी रात्र. पायी उतरले असेन."

"तू? बाजारातून घरी यायला तुला रिक्षा लागते."

यावर ती हसली आणि हसतानाच तिचे डोळे भरले. "मला भीती वाटत नाही असं समजू नका. वाटते. पण मला हेही कळत नाही की न जाऊन मी कशातून सुटणार आहे." तिनं तिकीट त्याच्याकडे सरकवलं. "ऐका. मी रहमीला फोन लावते. तुम्ही तोवर आत जाऊन पुन्हा एकदा काय बघायचं ते बघा. बाहेर येऊन नको म्हणालात, तर नको. मी तोंडातून शब्द काढणार नाही, आणि तुम्हाला कधी बोलूनही दाखवणार नाही. पण तुम्ही तोंडानं म्हणायला हवं."

"नकोच म्हणणार आहे मी."

"मग जा, बघा आणि म्हणा."

६

तो आत गेला आणि त्यानं दार लावून घेतलं. बघायचं काही उरलं नव्हतं. निर्णय झाला होता. पण परत करायचा माल व्यापारी दोनदा तपासतो; पुढेमागे यूलनं विचारलं, तर 'शेवटपर्यंत बघितलं' असं म्हणता यावं.

निळ्या कोटाचा खिसा त्यानं परवा उसवून पुन्हा शिवला होता. आता तो सपाट होता. रिकामा. मावार्दीच्या छातीवरचं ओझं एकदम हललं. तो काचेकडे तोंड करून उभा राहिला. पलीकडे यूल स्टुलावर बसली होती, डाव्या हातात फोन, उजवा हात हवेत नाचवत काहीतरी सांगत होती. आवाज येत नव्हता. त्यानं टाका तोडला आणि आपला उजवा हात मनगटापर्यंत खिशात घातला.

आत कुणीतरी त्याची बोटं धरली.

तो ओरडला की नाही, हे त्याला नंतर सांगता आलं नसतं. हात मागे घ्यायला हवा होता, पण सबंध अंगाचं लाकूड झालं होतं. खिसा मनगटाभोवती सपाटच होता, पलीकडे भिंत दिसत होती, आणि आत एक हात होता. बर्फासारखा गार. तो ओढत नव्हता. त्यानं मावार्दीची तीन बोटं एकत्र धरून दाबली, सोडली, आणि मग त्यांतलं एक बोट हळूच दुमडून त्याच्याच तळव्यात घातलं.

मावार्दीला हे कळलं. कळायला नको होतं, पण कळलं.

त्याचा बाप पायाकुंबुहच्या गुरांच्या बाजारात दलाल होता. तिथे बैलाचा भाव कुणी तोंडानं बोलत नाही. दोघांचे उजवे हात एका लुंगीखाली जातात आणि बोटं बोलतात; शेजारच्याला दिसतात ते फक्त खांदे. बोट दाबलं म्हणजे मागितलं. दुमडलं म्हणजे कमी केलं. पटलं नाही तर हात काढून घ्यायचा, मनात राग धरायचा नाही. मावार्दी वाचायच्या आधी हे शिकला होता.

तीन. त्यातून एक कमी.

हात काढून घे, असं डोकं सांगत होतं. पण पहिल्या बोलीला उठून जायचं नसतं, हे त्याच्या हाताला डोक्यापेक्षा जुनं ठाऊक होतं. दुमडलेलं बोट त्यानं सरळ केलं. तीन. त्या हातानं ते पुन्हा दुमडलं. त्यानं पुन्हा सरळ केलं. काचेपलीकडे यूल फोनमध्ये बघून हसत होती, तिचा उजवा हात गुडघ्यावर होता, स्पष्ट दिसत होता. मावार्दीनं आपला अंगठा त्या गार तळव्यात रुतवला, एकदा, दोनदा. तिच्याऐवजी मी. पण बोटांना नुसते आकडे बोलता येतात. कुणाच्या जागी कोण, हे सांगायला त्या भाषेत बोटच नव्हतं.

मग घासाघीस थांबली. तो हात उलटला आणि दमल्यासारखा त्याच्या तळव्यात पडून राहिला.

आणि मावार्दीनं तो ओळखला. अंगठ्याच्या बाजूला नारळाच्या किसणीनं पडलेला जुना वण. सैल झालेली पातळ अंगठी, खडा नेहमीसारखा आतल्या बाजूला फिरलेला. करंगळी जराशी वाकडी. एकतीस वर्षं हा हात त्याच्या हातात होता. तो आता थडथडत होता, आणि मागे मागे सरकत होता. ओढल्यासारखा नाही; ज्याच्या पायाखाली काही उरलं नाही, त्याचा हात सुटत जावा तसा. तळवा निसटला. बोटांची पेरं राहिली. नखं अस्तरावर घासल्याचा आवाज त्या घरघरीतही ऐकू आला.

विचार करायला वेळ नव्हता. मावार्दीनं पुढे झेप घेऊन तो हात गच्च धरला. अख्खा पंजा, पाचही बोटांनी, होती नव्हती तेवढी ताकद लावून.

थडथड तिथल्या तिथे थांबली.

तेव्हा त्याला आठवलं, लुंगीखाली अख्खा पंजा धरला की त्याचा अर्थ काय होतो. ठरलं. मग बैल बाजाराच्या फाटकात मेला तरी शब्द फिरत नाही.

त्या हातानं त्याचा हात वर-खाली असा एकदा हलवला, ठामपणे, गिऱ्हाईक मनासारखं मिळालेल्या माणसासारखा. आणि खिसा रिकामा झाला.

मावार्दी दाराकडे धावला. कडी सापडेना. बाहेर यूल फोनमध्ये मान डोलवत होती, आणि तिच्या ओठांवरून त्याला शब्द न् शब्द वाचता आला: "हो गं. ठरलं. तिघंही." त्यानं काचेवर थापा मारल्या. "नको!" तो ओरडला. "नको म्हणतोय मी! यूल, नको!"

यूलनं वर पाहिलं. ती हसत नव्हती. फोन तिनं काउंटरवर ठेवला, उजवा हात डोळ्यांसमोर धरला, मग रुमालानं पुसला, पुन्हा पाहिला. कळत नसल्यासारखी उठून ती काचेपाशी आली आणि त्याला दाखवायला म्हणून तिनं तो हात उलटा करून काचेला लावला.

हात निळा पडला होता. पाठीवर चार बोटांचे आणि एका अंगठ्याचा, असे ताजे लाल वळ उमटत होते.